इफेक्ट आत्ता मारायचा की नंतर? मल्टिट्रॅक रेकॉर्डरमधला ‘इन्सर्ट’ समजून घेऊया

श्रावण लागला की सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या वाड्यावाड्यांत भजनाच्या तालमी सुरू होतात. पूर्वी तालीम संपली की पेटी बंद करून मंडळी घरी जात. आता बऱ्याच मंडळांत एकजण मागे थांबतो, रेकॉर्डरमधलं कार्ड काढतो आणि चतुर्थीच्या आत दोन गजर आणि एक अभंग चॅनलवर चढवायच्या खटपटीला लागतो. मंडळांकडे स्वतःची मल्टिट्रॅक मशीन आली, ही फार चांगली गोष्ट झाली. आठ माइक, आठ वेगळे ट्रॅक आणि सगळं एका दप्तरात मावतं.

पण यातली बरीच रेकॉर्डिंग ऐकताना जीव हळहळतो. बुवांचा आवाज खणखणीत आहे, पखवाज बोलतोय, कोरस सुरात आहे, पण त्यावर इकोचा असा काही थर चढलाय की अभंगातला शब्द कळत नाही. किंवा प्रत्येक थापेला गाणाऱ्याचा आवाज आत दबतो आणि पुन्हा वर येतो. रेकॉर्ड करणाऱ्याला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: “मशीनमध्ये इफेक्ट होता, लावला. आता काढता येत नाय.”

काढता का येत नाही, हे नीट कळलं की मशीनमधला निम्मा गोंधळ संपतो. त्यासाठी ‘इन्सर्ट’ म्हणजे काय ते समजून घ्यावं लागतं. ते अवघड नाही.

## आधी ट्रॅक

मोबाइलवर रेकॉर्ड केलं की सगळे आवाज एकाच फायलीत एकजीव होतात. मल्टिट्रॅक रेकॉर्डर प्रत्येक माइकचा आवाज वेगळ्या फायलीत ठेवतो. बुवा एका ट्रॅकवर, पेटी दुसऱ्यावर, पखवाज तिसऱ्यावर, झांज चौथ्यावर. नंतर निवांत बसून कोण किती मोठा, कोण डावीकडे, कोण उजवीकडे हे ठरवता येतं. त्याला मिक्सिंग म्हणतात. शेवटी सगळं दोन ट्रॅकच्या एका फायलीत उतरतं आणि तीच लोक ऐकतात.

ही कल्पना जुनी आहे. लेस पॉल या अमेरिकन गिटारवादकाकडे अँपेक्स कंपनीचं आठ ट्रॅकचं टेप मशीन १९५७ साली आलं. घरात वापरता येईल असं चार ट्रॅकचं कॅसेट मशीन टॅस्कॅमने १९७९ मध्ये बाजारात आणलं. आज मंडळांकडे दिसतात ती कार्डावर रेकॉर्ड करणारी मशीन त्याच घराण्यातली. झूम कंपनीचं आर१६ हे त्यातलं गाजलेलं मॉडेल २००९ चं.

आर१६ सारखी मशीन पेन्सिल सेलवरही चालतात आणि आपल्याकडे त्याला मोल आहे. लाईट गेली तरी काम थांबत नाही. शिवाय अर्थिंग धड नसलेल्या घरात आवाजात जी घुंईऽऽ येते, ती सेलवर चालवलं की बहुतेक वेळा जाते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ती घुंई ५०, १००, १५० अशा पटीत येते. खालचा एक भाग कापून ती पुरती जात नाही. सेल टाकून जाते.

## वहाळ, बंधारा आणि पाट

आता मुद्द्याचं. आवाज मशीनमध्ये शिरला की तो वहाळासारखा एका दिशेने वाहत जातो. माइकपासून निघतो, वाटेत दोन-तीन ठिकाणी थांबतो, आणि ट्रॅकवर पोहोचतो. या वाटेवर इफेक्ट दोन तऱ्हांनी बसवता येतो.

पहिली तऱ्हा म्हणजे वहाळावर आडवा बंधारा घालणं. आता सगळं पाणी त्या बंधाऱ्यातूनच खाली उतरणार. तिथे कोणी नीळ टाकली, तर खालचा सगळा वहाळ निळा. हा इन्सर्ट. पूर्ण आवाज इफेक्टमधून जातो आणि बदललेला आवाज तेवढा पुढे येतो.

दुसरी तऱ्हा पाट काढण्याची. वहाळाचं थोडं पाणी पाटाने वळवलं, पोफळीच्या बागेतून फिरवलं आणि पुढे पुन्हा वहाळात सोडलं. मूळ वहाळ आपल्या वाटेने वाहतच असतो. पाटाचं तोंड बंद करा, वहाळ होता तसा. हा सेंड. आवाजाची एक प्रत इफेक्टकडे जाते, आणि इफेक्टचं पाणी मूळ आवाजात वरून मिसळतं.

यावरून कुठला इफेक्ट कुठे बसवायचा हे बहुतेक आपोआप ठरतं. ज्याने आवाजच बदलायचा आहे तो इन्सर्टला: आवाजाचे चढउतार आवरणारा कॉम्प्रेसर, खर्ज-तार कमीजास्त करणारा इक्वलायझर, गिटारचा आवाज फाडणारा डिस्टॉर्शन. आणि ज्याने मूळ आवाजाच्या सोबतीला काही द्यायचं आहे तो सेंडला: इको, म्हणजे डिले, आणि खोलीचा घुमारा देणारा रिव्हर्ब. शिवाय पाट एकच असला तरी चालतो. बुवा, कोरस, पेटी, तिघांचं थोडं थोडं पाणी त्याच पाटात सोडता येतं, त्यामुळे सगळे एकाच देवळात बसून गातायत असं वाटतं. प्रत्येकाला वेगळा रिव्हर्ब इन्सर्टमध्ये बसवला की एकजण गुहेत, दुसरा न्हाणीघरात अशी अवस्था होते.

## कळशी कुठे भरायची?

सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, म्हणून इथे थोडं थांबू.

रेकॉर्ड करणं म्हणजे वहाळातून कळशी भरून घेणं. बंधाऱ्याच्या वर भरली तर मूळ पाणी, खाली भरली तर निळं. एकदा निळं पाणी कळशीत आलं की घरी नेऊन त्यातली नीळ काढता येत नाही.

रेकॉर्डरमध्ये इन्सर्ट सहसा तीन जागी बसवता येतो. पहिली जागा इनपुटवर. माइकचा आवाज आधी इफेक्टमधून जातो आणि मग ट्रॅकवर लिहिला जातो, म्हणजे कळशी बंधाऱ्याखाली. दुसरी जागा ट्रॅकच्या बाहेर पडण्याच्या तोंडाशी. इथे ट्रॅकवर मूळ आवाज तसाच राहतो आणि ऐकताना फक्त तो इफेक्टमधून येतो. पटला नाही तर बदला, बंद करा, पुन्हा लावा. तिसरी जागा मास्टरवर, सगळे ट्रॅक एकत्र आल्यानंतर. आर१६ मध्ये या तिन्ही जागा मिळतात, मात्र एका वेळी एकच.

घोळ होतो तो असा की मशीन सुरू केल्यावर इन्सर्ट बहुधा इनपुटवर बसलेला असतो. नवशिका माणूस पॅच, म्हणजे मशीनमधला तयार इफेक्ट, निवडतो, आवाज छान वाटतो, रेकॉर्डचं लाल बटण दाबतो. त्याला वाटतं आपण फक्त ऐकण्यासाठी काहीतरी लावलंय. प्रत्यक्षात नीळ कळशीत गेलेली असते.

इफेक्ट न लागलेल्या आवाजाला पुढे आपण कोरा आवाज म्हणू. माझं म्हणणं थोडक्यात असं की भजनाचं, जाखडीचं, नमनाचं, कुठलंही गाणं रेकॉर्ड करताना ट्रॅकवर कोरा आवाज गेला पाहिजे. याला अपवाद आहेत, ते खाली येतील. पण अपवाद ठरवून करावेत, नकळत होऊ नयेत.

## “लिमिटर लावला होता, तरी आवाज फाटला कसा?”

हा प्रश्न दर हंगामात येतो. लिमिटर म्हणजे ठरावीक पातळीच्या वर आवाज जाऊच न देणारा इफेक्ट. बुवा गजराला जोरात उठतात, लाल दिवा लागतो, म्हणून कोणी तो इनपुटवर लावतो आणि निर्धास्त होतो. घरी येऊन ऐकतो तर आवाज फाटलेला.

कारण वाटेच्या क्रमात आहे. मशीनमध्ये माइकचा आवाज आधी गेनच्या बटणातून मोठा होतो. मग त्याचं आकड्यांत रूपांतर होतं. डिजिटल इन्सर्ट येतो त्याच्यानंतर. आकड्यांत बदलताना पातळी कमाल मर्यादेच्या वर गेली की वरचा भाग तिथेच छाटला जातो. आवाज फाटतो तो इथे. बंधाऱ्याच्या वरच पाणी फुटून रानात गेलं, तर खाली बंधारा कितीही पक्का बांधला म्हणून ते परत येत नाही. लिमिटर मग छाटलेलाच आवाज नीटनेटका करून देतो. उलट काही मशीनवर मीटरही इन्सर्टच्या पुढची पातळी दाखवतो, त्यामुळे काटा शहाण्यासारखा वागतो आणि फाटलेलं कळतच नाही.

म्हणून गेन लावताना इन्सर्ट बंद ठेवा. बुवांना नुसतं “हॅलो, हॅलो” म्हणायला लावू नका. गजराची सगळ्यात चढी ओळ म्हणायला सांगा, मागे पखवाज वाजू द्या, आणि सगळ्यात मोठ्या क्षणी मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन ठेवा. डिजिटल मीटरवर शून्य म्हणजे कमाल मर्यादा, त्यामुळे उणे १२ म्हणजे डोक्यावर १२ डेसिबलची मोकळी जागा. तालमीत माणूस गातो त्यापेक्षा प्रत्यक्षात जोरात गातो, हे धरूनच चाला.

“इतका हळू घेतला तर सूं-सूं येणार नाही का?” कॅसेटच्या काळात येत असे. तेव्हा टेपची खरखर दाबायला आवाज जितका वर घेता येईल तितका घ्यावा लागे, आणि त्यासाठी कॉम्प्रेसर लावूनच रेकॉर्ड करण्याची सवय पडली. आज मशीन २४ बिटवर ठेवलं की सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात बारीक आवाजात कागदावर १४४ डेसिबलचं अंतर मिळतं. १६ बिटवर ते ९६ होतं. त्यातले १२ सोडून दिले तरी काही बिघडत नाही. तुमच्या खोलीतला पंखा आणि बाहेरचे बेडूक त्या मर्यादेच्या कितीतरी वर असतात.

## कॉम्प्रेसर: सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात धोक्याचा

कॉम्प्रेसरचं काम साधं आहे. एक पातळी ठरवायची. आवाज तिच्या वर गेला की त्याला आवरायचं. समजा पातळी उणे २० ला ठेवली आणि प्रमाण चारास एक. बुवांचा आवाज उणे १२ ला गेला, म्हणजे पातळीच्या ८ डेसिबल वर. चारास एक म्हणजे त्या आठाचे दोन होणार. आवाज बाहेर पडेल उणे १८ ला. सहा डेसिबल दाबला गेला. अभंगाची हळुवार सुरुवात आणि गजराचा जोर यांतलं अंतर कमी झालं. मोबाइलवर ऐकणाऱ्याला हे बरं वाटतं, सारखा आवाज वरखाली करावा लागत नाही.

पण सगळ्यात मोठा आवाज सहा डेसिबल खाली आला, म्हणून आपण एकूण आवाज तेवढाच वर उचलतो. आता जे पातळीच्या खाली होतं तेही सहा डेसिबल वर आलं. श्वास, पेटीच्या पट्ट्यांची खटखट, रातकिडे. आणि पाऊस. श्रावणात कौलांवर किंवा पत्र्यावर पडणारा पाऊस खर्जापासून तारेपर्यंत सगळीकडे पसरलेला असतो, तो कुठल्या एका पट्ट्यातून कापून टाकता येत नाही. कॉम्प्रेसर त्याला बरोबर उचलून पुढे आणून बसवतो. बुवा थांबले की पाऊस मोठा, बुवा गायले की पाऊस लहान.

भजनात दुसरी अडचण त्याहून मोठी. मंडळी खेटून बसतात. बुवांच्या माइकमध्ये पखवाज शिरतोच शिरतो. कॉम्प्रेसरला गाणं आणि थाप यांतला फरक कळत नाही, त्याला फक्त पातळी कळते. पखवाजाची जोरकस थाप पडली की तो दाबतो, आणि दाबला जातो तो बुवांचा आवाज. लग्गी सुरू झाल्यावर तर आवाज सतत आत-बाहेर होत राहतो. वर सांगितलेलं दबणं आणि वर येणं ते हेच. इनपुटवर लावून लिहून टाकलेलं असेल तर यावर इलाज नाही. कॉम्प्रेसर कधी किती दाबायचं हे क्षणाक्षणाला बदलत असतो, त्यामुळे तो नेमका उलटा फिरवता येत नाही. ट्रॅकच्या तोंडाशी लावलेला असेल तर पातळी थोडी वर करायची, प्रमाण दोनास एक करायचं, पाच मिनिटांत काम झालं.

खरा इलाज मात्र इफेक्टच्या आधीचा आहे: माइक जवळ घ्या. तोंडापासूनचं अंतर दोन फुटांवरून एक फूट केलं की मोकळ्या जागेत आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. पाऊस आणि पखवाज आहे तिथेच राहतात. एवढा स्वच्छ फायदा कुठलाही पॅच देत नाही. माइक फार जवळ आला की खर्ज फुगतो, तेवढा नंतर कापता येतो. आणि चिऱ्याच्या, गिलावा केलेल्या, खाली लादी किंवा कोबा असलेल्या खोलीत आवाज घुमत असेल तर भिंतीला दोन गोधड्या टांगा. हा घुमारा माइकमध्ये शिरला की तोही काढता येत नाही.

## बाकीच्यांबद्दल

नॉइज गेट हा आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेला की दार लावून घेणारा इफेक्ट. पंखा ऐकू येऊ नये म्हणून लोक इनपुटवर लावतात. मी तो रेकॉर्ड करताना कधीही लावू नका असंच सांगेन. ‘विठ्ठल’ मधला शेवटचा ल, झांजेचा विरत जाणारा नाद, हळू घेतलेला आलाप, हे सगळं पंख्याबरोबर दाराबाहेर राहतं. कॉम्प्रेसरने दबलेलं निदान तिथे असतं तरी. गेटने कापलेलं फायलीत मुळीच नसतं.

इक्वलायझर त्या मानाने सौम्य. थोडं कमी केलेलं नंतर बरंचसं वाढवता येतं. त्यातला लो कट, म्हणजे ठरावीक पट्टीच्या खालचा खर्ज कापणारा भाग, गाणाऱ्याच्या माइकला ८० हर्ट्झवर लावून रेकॉर्ड केला तर माझी हरकत नाही. पुरुषाच्या आवाजाचा पाया साधारण त्याच्या वरच असतो, आणि माइकच्या स्टँडला लागलेला पाय, जमिनीतून येणारी धडधड तिथेच अडते. पखवाजाच्या माइकला मात्र लावू नका. कणीक लावलेल्या धुमाची, म्हणजे पखवाजाच्या डाव्या बाजूची, सगळी गंमत खाली असते.

सूर दुरुस्त करणारा इफेक्ट काही मशीनमध्ये असतो. तो आवाज जवळच्या सुराला नेऊन चिकटवतो. आपल्या गाण्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं हेच तर गाणं. तो इन्सर्टला टाकून रेकॉर्ड केलेला अभंग पायऱ्या उतरल्यासारखा ऐकू येतो, आणि मूळ मींड कुठेच उरत नाही.

## “पण बुवांना इकोशिवाय गाताच येत नाही”

ही तक्रार खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. हेडफोनमध्ये कोरडाठाक आवाज ऐकून चांगल्या चांगल्या गाणाऱ्याचा जीव गुदमरतो. त्याला देवळाचा घुमारा हवा असतो, मग तो खुलतो.

ऐकण्याची वाट आणि लिहिण्याची वाट वेगळी असू शकते, हे इथे कामाला येतं. बहुतेक रेकॉर्डरमध्ये सेंडचा रिव्हर्ब किंवा इको हेडफोनमध्ये ऐकू येतो पण ट्रॅकवर जात नाही. बुवांना हवा तेवढा इको द्या, कळशीत कोरंच पाणी येईल. इन्सर्टसाठीही बऱ्याच मशीनमध्ये अशी सोय असते: सेटिंगच्या पानावर रेकॉर्ड होणारा आवाज ‘वेट’ की ‘ड्राय’ असं विचारलेलं असतं. ड्राय निवडा. हेडफोनमध्ये इफेक्ट, ट्रॅकवर कोरा.

आपल्या मशीनमध्ये नेमकं काय होतंय याची परीक्षा दोन मिनिटांची आहे. इफेक्ट लावून एक ओळ रेकॉर्ड करा. मग सगळे इफेक्ट बंद करून, सेंड शून्यावर आणून ती ओळ ऐका. इफेक्ट अजूनही ऐकू आला तर तो लिहिला गेला. तालमीआधी ही परीक्षा एकदा कराच.

“इफेक्टमधून ऐकलं तर आवाज उशिरा येतो का?” येतो, पण सहसा काही सहस्रांश सेकंदच. हवेतून आवाज एका सहस्रांश सेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. दोन मीटरवर बसलेल्या पखवाजवाल्याची थाप बुवांच्या कानी पोहोचायला सहा सहस्रांश सेकंद लागतातच, आणि त्यावर ते आयुष्यभर गात आलेत. उशीर याच्या तिप्पट-चौपट झाला की लय घसरू लागते. तसं जाणवलं तर इन्सर्ट काढा आणि फक्त रिव्हर्ब द्या. रिव्हर्ब मुळात उशिरानेच येतो, तो खुपत नाही.

## “मोठ्या स्टुडिओत तर कॉम्प्रेसर लावूनच घेतात”

घेतात. पण तिथे खोली शांत असते, गाणारा एकटा असतो, आणि बटण फिरवणाऱ्याला दोन-तीन डेसिबल दाबल्यावर काय ऐकू येईल हे हजार वेळा ऐकून माहीत असतं. शिवाय त्यांचा कॉम्प्रेसर बहुधा वेगळं यंत्र असतं आणि आवाजाचे आकडे होण्याच्या आधी बसतो. साउंडवाल्यांच्या मिक्सरवर प्रत्येक माइकच्या रांगेच्या, म्हणजे चॅनलच्या, मागे किंवा वर ‘इन्सर्ट’ लिहिलेलं भोक असतं, ते याचसाठी. एकाच जॅकच्या टोकातून आवाज बाहेर जातो आणि मधल्या कडीतून परत येतो. तिथे लावलेला कॉम्प्रेसर पुढच्या रेकॉर्डरला खरोखर वाचवू शकतो. मशीनच्या आतल्या डिजिटल पॅचला ते जमत नाही. नाव एकच असलं तरी वाटेवरची जागा वेगळी.

## “माझ्या मशीनमध्ये इन्सर्ट एकच आहे, सगळ्या ट्रॅकना नंतर कसा लावू?”

एकेक करून. कोरा ट्रॅक वाजवायचा, त्याच्या तोंडाशी इन्सर्ट लावायचा, आणि बाहेर येणारा आवाज रिकाम्या ट्रॅकवर उतरवायचा. याला बाउन्स म्हणतात. पटलं तर नवा ट्रॅक वापरा, नाही पटलं तर पुसा. जुना कोरा तिथेच आहे. वेळ लागतो हे खरं, दहा मिनिटांच्या गजराला दहा मिनिटं. दुसरी वाट संगणकाची. कार्डावरच्या वेव्ह फायली तशाच उचलून ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये टाका, ते फुकट मिळतं. तिथे प्रत्येक ट्रॅकला वेगळा कॉम्प्रेसर लावता येतो.

“उद्याच चॅनलवर टाकायचंय, एवढा वेळ कोणाला?” तर मग इन्सर्ट मास्टरवर लावा आणि त्याच रात्री मिक्स उतरवून टाका. इनपुटवर लावला असता तर जेवढं काम झालं असतं तेवढ्यातच हे होतं. फरक इतकाच की चतुर्थी झाल्यावर, पाऊस ओसरल्यावर, त्याच ट्रॅकवरून चांगला मिक्स पुन्हा करता येतो.

## जिथे इफेक्ट लावूनच घ्यावा

बेंजो. हळदीला, शिमग्याला वाजणारा इलेक्ट्रिक बेंजो त्याच्या डिलेशिवाय बेंजोच नाही. वाजवणारा त्या परत येणाऱ्या आवाजाच्या मधल्या जागा मोजून पुढचा ठोका टाकतो. डिले काढला तर तो वेगळंच वाजवेल. डिस्टॉर्शन लावलेल्या गिटारचंही तसंच, सूर किती वेळ टिकतो हे इफेक्टवर ठरतं आणि बोटं त्याप्रमाणे चालतात. इथे इफेक्ट वाद्याचाच भाग आहे, तो लिहून घेण्यातच शहाणपण. जमलं तर बेंजोची एक कोरी तार दुसऱ्या इनपुटला द्या आणि तो ट्रॅकही सोबत ठेवा.

## दशावताराच्या रात्री

भजन पुन्हा गाऊन घेता येतं. जत्रेतला दशावतार पुन्हा होत नाही. नाटकाची गोष्ट पुराणातली असली तरी संवाद लिहिलेले नसतात, नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. त्या रात्री शंकासुर काय बोलला, ते त्या रात्रीपुरतंच. रेकॉर्डिंग हाच त्याचा एकमेव कागद.

आणि इथेच बहुतेक जण साउंडवाल्याच्या मिक्सरच्या मुख्य आउटपुटमधून आवाज घेतात. त्या आवाजावर भोंग्यांना साजेसं इक्वलायझेशन असतं आणि मोकळ्या आवारासाठी लावलेला इकोही. मैदानात ते शोभतं, घरी ऐकताना शब्द बुडतात. साउंडवाल्याशी आधी बोलून घ्या. मिक्सरला चॅनलचं डायरेक्ट आउट, म्हणजे त्या एकाच माइकचा आवाज बाहेर देणारं भोक, असेल तर तिथून घ्या. नसेल तर चॅनलच्या इन्सर्टच्या भोकातून, टोक आणि कडी एकत्र जोडलेल्या केबलने, आवाज न तोडता घेता येतो. बहुतेक मिक्सरवर ही जागा गेनच्या पुढे आणि इक्वलायझर-फेडरच्या आधी असते, म्हणजे जवळजवळ कोरा आवाज. केबल नसेल तर पेटी-मृदंगाजवळ आणि रंगमंचाच्या कडेला स्वतःचे दोन माइक उभे करा.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर समाजातले, चित्रं दाखवत कथा गाणारे चित्रकथीकार परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथीची चित्रं संग्रहालयात जपता येतात. त्या चित्रांमागे गाइलेली कथा आवाजातच राहते. दहा-वीस वर्षांनी कोणी पोर या बोलण्याचा, या चालींचा अभ्यास करायला बसेल, तेव्हा त्याच्याकडे आजच्यापेक्षा चांगले इफेक्ट असतील. पावसातून आवाज वेगळा काढणारी साधनं आताच सुधारत चालली आहेत, आणि कोऱ्या ट्रॅकवर त्यांचं काम सगळ्यात सोपं होतं.

म्हणून मिक्स पाठवून झाला की कार्ड फॉरमॅट करण्याची घाई करू नका. ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक ट्रॅक मिनिटाला सुमारे ८ एमबी जागा घेतो. आठ ट्रॅकचा एक तास म्हणजे चार जीबीच्या आत. ३२ जीबीच्या कार्डात असे आठ तास मावतात, आणि एक टेराबाइटच्या डिस्कवर अडीचशेहून जास्त. फोल्डरला गाव, तारीख आणि मंडळाचं नाव द्या, कुठल्या ट्रॅकवर कोण आहे ते साध्या फायलीत लिहा, कुठल्या ट्रॅकवर इफेक्ट लिहिला गेलाय तेही लिहा. एक प्रत मंडळाकडे ठेवा, दुसरी मुंबईच्या चाकरमान्याकडे द्या. पावसाळ्यातल्या ओलीने आपल्याकडे डिस्क बिघडू शकते.